करंडकाची दुसरी सहामाही

बेंगळुरूत येलहंक्याला तिसऱ्या मजल्यावर हंबीररावांचं घर. त्या घरात कुठंही बोट फिरवा, बोटाला काही लागायचं नाही. फ्रिज पुसलेला, फ्रिजवरचा क्रोशाचा रुमाल धुतलेला. रुमालावर हातभर उंचीचा एक करंडक, त्याच्यावर मात्र धुळीचा थर. आल्यागेल्याच्या नजरेला ते खुपायचं. एखादी शेजारीण पदर खोचून पुढं व्हायची, "अण्णा, स्वल्प पुसून देते," आणि हंबीरराव म्हणायचे, "राहू दे अक्का." कारण सांगायचे नाहीत. सांगायचं तर फार मागून सुरुवात करावी लागली असती, आणि त्यांना बोलायचाच कंटाळा आला होता.

आपल्याला काही कंटाळा नाही. तेव्हा मागूनच सुरू करू.

कोरमंगला म्हटलं की आज काय दिसतं? पीजी, कॅफे, आणि पदपथावर चढलेल्या दुचाक्या. पण पन्नासएक वर्षांमागं तिथं तळी होती, नाचणीची शेतं होती, आणि संध्याकाळी बेडकांपुढं माणसाचा आवाज ऐकू यायचा नाही. तिथल्या एका शाळेत मिलिटरीतून निवृत्त झालेले सुभेदार रघुपती पोरांना कवायत शिकवायचे. एका उन्हाळ्यात त्यांनी आजूबाजूच्या सहा-सात शाळा गोळा केल्या आणि आटलेल्या तळ्यात फुटबॉलचे सामने भरवले. नाव दिलं, दक्षिण विभाग आंतरशालेय अजिंक्यपद. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. गोलचे खांब बांबूचे, रेघा चुन्याऐवजी राखेच्या, आणि पंच म्हणजे सुभेदार स्वतः. तरी पुढच्या वर्षी शाळा वाढल्या, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वाढल्या. पार उत्तरेकडची देवनहळ्ळीची शाळासुद्धा ह्या दक्षिण विभागात आली. ती कशी काय, हे विचारू नका. जिथवर बस जाते तिथवर दक्षिण, असं समितीचं भूगोलाचं ज्ञान होतं.

सुभेदारांनी एक नियम मात्र असा करून ठेवला की तो दुसरीकडं कुठं बघायला मिळायचा नाही. अंतिम सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ खेळवायचा, आणि तरीही बरोबरीच राहिली तर दोन्ही शाळा अजिंक्य. पेनल्टी मारून निकाल लावायचा नाही म्हणजे नाही. "एका पोराच्या पायाला अख्खी शाळा टांगू नका," ते म्हणायचे. आयुष्य बंदुकांत घालवलेला माणूस; एकट्या पोराला पुढं उभं करायचं आणि बाकीच्यांनी बघत राहायचं, हे त्यांना सोसायचं नाही. मग करंडक ठेवायचा कुणी? तर नाणेफेक करायची. जिंकेल तिची पहिली सहामाही, हरेल तिची दुसरी. पहिली पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनापासून सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनापर्यंत, दुसरी तिथून पुढच्या पंधरा ऑगस्टपर्यंत. हिशोब केलात तर दुसरी सहामाही महिनाभरानं लांब भरते. नाणेफेक हरलेल्याला तेवढंच बोटभर मध.

आणि करंडक दुसऱ्या शाळेला द्यायचा तो रिकामा द्यायचा नाही. शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही, मग हा तर करंडक. चिंचेनं घासून लख्ख करायचा, चुरमुरे आणि फुटाणे शिगोशीग भरायचे आणि मग द्यायचा. देणाऱ्यानं म्हणायचं, "आमची सहामाही झाली." घेणाऱ्यानं म्हणायचं, "आमची सुरू झाली." संपला समारंभ. चुरमुरे पोरं तिथंच फस्त करायची. शिवाय पोरापोरांनी आपला आपण केलेला एक नियम होता, की जिंकल्याशिवाय करंडकाला हात लावायचा नाही. लावला तर तो परत कधी मिळत नाही. टेबलावर करंडक मांडलेला असायचा आणि पोरं हात पाठीमागं बांधून त्याच्या बाजूनं जायची, देवळातल्या सोवळ्याला शिवू नये तशी.

हंबीरराव निपाणीकडचे. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि कोरमंगल्याच्या नवचेतन हायस्कूलमध्ये पीटीचे मास्तर झाले. अजिंक्यपदात आपल्या पहिल्या वर्षी रेघा मारल्या, दुसऱ्या वर्षी पंच झाले, आणि मग पस्तीस-चाळीस वर्षं तेच केलं. गंगव्वा चिक्कोडीची. देवनहळ्ळीच्या कन्या हायस्कूलमध्ये ती पीटीची मिस होती. सामन्यांना यायची, बांधावर बसून पोरांचा खेळ बघायची, आणि संपला की समितीपुढं उभी राहायची. "आमच्या पोरींचं कधी?" समितीतले अण्णा लोक हसायचे. अक्का, पोरींसाठी लिंबू-चमचा आहे की. गंगव्वा पुढच्या वर्षी पुन्हा उभी. ह्या विचारण्यातच तिची हंबीररावांशी ओळख झाली, लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी शाळेत जायला लागली तरी तिचा प्रश्न काही संपला नव्हता.

शेवटी समिती दमली आणि मुलींचं अजिंक्यपद सुरू झालं. त्याच वर्षी कुठल्या तरी कंपनीनं पोरांसाठी नवा करंडक दिला. मग काय, नवा कोरा पोरांना आणि सुभेदारांचा जुना पोरींना. दादाचा सदरा ताईला, हे शहाणपण आपल्याकडं कधी जुनं होत नाही. सगळ्यांना वाटलं गंगव्वा भांडेल. ती म्हणाली, "बरं झालं. खरा आमच्याकडं आला."

आला कुठला? नियमच आला फक्त. जिनं पोरींचं अजिंक्यपद भांडून मिळवलं, तिच्याच शाळेला ते कधी मिळालं नाही. दोनदा अंतिम सामन्यात हरली. त्यातल्या एकदा तर पंचानं चांगला गोल ऑफसाइड देऊन टाकला. पंच कोण, तर हंबीरराव. त्या दिवशी घरी आमटीत मीठ नव्हतं आणि त्यांनी ते मागितलंही नाही.

आणि मग गेल्या ऑगस्टमध्ये अंतिम सामन्याला समोरासमोर कोण यावं? नवचेतनच्या मुली आणि देवनहळ्ळीच्या मुली. हंबीरराव तसे निवृत्त झाले होते, पण शाळेनं त्यांना फुटबॉलपुरतं ठेवून घेतलं होतं. गंगव्वाची नोकरी मेअखेरीला संपायची होती. म्हणजे तिचा हा शेवटचाच अंतिम सामना. सामना एक-एक. जादा वेळ झाला, तरी एक-एक. दोन्ही शाळा अजिंक्य. वाटणीची ही शेवटची खेप, असं समितीनं आधीच जाहीर केलं होतं. मैदानाचं भाडं आता तासावर असतं, पुढच्या वर्षीपासून पेनल्टी मारून मोकळं व्हायचं. सुभेदार वर गेलेले, विचारायला कोण येणार? नाणं उडालं आणि नवचेतनची कॅप्टन जिंकली.

ह्या नियमात एक फट होती. जिंकलेल्यानं आपण होऊन पहिली सहामाही दुसऱ्याला दिली तर कुणाची हरकत नसायची. त्या दिवशी गंगव्वा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, यंदा पहिली आम्हाला दिली तर चालतंय काय?"

"कशाला? जानेवारीपासून मेअखेरीपर्यंत तुझ्याकडंच आहे की," हंबीरराव म्हणाले. "आणि तुझ्या पोरींना उलट महिना जास्त."

"ते पण खरंच," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. विषय संपला. नवराबायकोचे कितीतरी विषय असेच संपतात, त्यात कुणाचं काही चुकतं असं नाही.

पुढं गंमत झाली. नवचेतनच्या ऑफिसात रंगरंगोटी निघाली. ट्रॉफ्यांचं कपाट भिंतीपासून ओढलेलं, काचा उतरवलेल्या. मुख्याध्यापक नंदकिशोर म्हणाले, सर, हा तेवढा तुमच्या घरी राहू दे. म्हणून पंधरा ऑगस्टला हंबीररावांनी करंडक चादरीत गुंडाळून घरी आणला आणि फ्रिजवर ठेवला. गंगव्वानं लांबूनच बघितला. म्हणाली, "ही तुमची सहामाही. मी हात लावणार नाही. माझी पाळी सव्वीस जानेवारीला."

हंबीरराव हसले. दोन दिवसांचं नाटक असेल, त्यांना वाटलं. पण गंगव्वा पीटीची मिस होती. नियम म्हणजे नियम. रोज फ्रिज पुसायची, करंडकाभोवती फडकं फिरवायची, रुमाल बदलायचा झाला तर "अहो, तेवढा उचला" म्हणून त्यांना हाक मारायची. करंडक पुसायचं काम हंबीररावांचं, आणि हंबीररावांनी आयुष्यात कधी फडकं हातात धरलेलं नव्हतं. धूळ बसत गेली. "तुमच्या शाळेची अब्रू बघा," ती म्हणायची, आणि दोघं हसायचे.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी गंगव्वा देवनहळ्ळीहून बसनं निघाली आणि येलहंक्याला उतरली नाही. बस मॅजेस्टिकला, शेवटच्या स्टँडला पोचली. सगळे उतरले तरी ही बाई खिडकीला डोकं टेकून बसलेली. कंडक्टरनं आधी हाक मारली, मग खांदा हलवला. हंबीरराव तेव्हा कोरमंगल्याला एका सामन्यात पंच होते. फोन पिशवीत होता. सामना संपवून, दोन्ही कॅप्टनांशी हात मिळवून, पाणी पिऊन, मग त्यांनी तो बघितला.

तिथून पुढं हंबीररावांना काही वाटेनासं झालं.

दुःख झालं म्हणावं तर तेही होत नव्हतं. माणसं आली, बसली, गंगव्वाबद्दल चांगलं बोलली. हंबीरराव प्रत्येकाला "सरी, सरी", बरं बरं, म्हणत राहिले. मुलगी दिव्यश्री इलेक्ट्रॉनिक सिटीहून येऊन राहिली, रडली, तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि मनात आलं की गिझर चालू राहिलाय. दिवसकार्य झालं. शेजारच्या अक्कांनी बिसीबेळे भाताचा डबा आणून दिला, तो त्यांनी खाल्ला, आणि गरम होता की गार ते सांगता आलं नसतं. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. कसला खंबीर? फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, आपल्याच पायाला चिमटा काढला तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो. ह्यांचं सगळं अंगच तसं झालं होतं. आणि आपल्याला काही वाटत नाही, ह्याचंही त्यांना काही वाटत नव्हतं.

ते मैदानावर जायला लागले. शिट्टी वाजवायचे, थ्रो-इन द्यायचे, चुकत नव्हते. एकदा सामना संपल्यावर कुणीतरी निकाल विचारला, तर त्यांना माहीत नव्हता. घरी येऊन ते फ्रिज पुसायचे, करंडकाभोवती फडकं फिरवायचे, ती फिरवायची तसंच, आणि करंडकाला हात लावायचे नाहीत. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

जानेवारी उजाडला तसा देवनहळ्ळीहून फोन आला. गंगव्वाच्या जागी शिवलीला नावाची तरुण मिस हंगामी म्हणून आली होती. विजापूरकडची, मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी. "सर, सव्वीसला येताय ना? पोरींनी वाट बघायला सुरुवात केलीय."

"सरी," हंबीरराव म्हणाले आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी नंदकिशोरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. ऑफिस आता नव्या रंगात झळकत होतं. "सर, वाईट वाटून घेऊ नका," नंदकिशोर म्हणाले, "पण त्या शाळेत आता कायम पीटीची मिसही नाही. मागायला कोण येतंय? करंडक ऑगस्टपर्यंत आपल्याकडंच राहू दे. समितीला मी कळवतो. नाहीतरी ही वाटणी आता बंदच होणार. तुमच्या घरी ठेवलात तरी चालेल. तेवढीच वहिनींची आठवण."

नंदकिशोर वाईट माणूस नव्हे. त्यांना खरंच वाटत होतं की आपण उपकार करतोय. आणि खरं सांगायचं तर हंबीररावांना ते बोलणं सोयीचं पडलं. करंडक घरात आहे, त्याच्यावर धूळ आहे, त्याला गंगव्वानं हात लावलेला नाही, म्हणजे तिची पाळी अजून यायची आहे. सव्वीस जानेवारी आलीच नाही, तर ती यायचीच राहील. असं काही त्यांनी शब्दांत मांडलं नाही. ते फक्त "बघू" म्हणाले, आणि घरी येऊन शिवलीलेला फोन लावला. "यंदा जमायचं नाही, मिस. समितीचं तसं ठरतंय."

पलीकडून शिवलीला म्हणाली, "सरी सर. पण पोरींना हे मी सांगणार नाही. मिसनी त्यांना ऑगस्टपासून जे सांगितलंय ते मला पुसायला लावू नका. तुम्हीच येऊन सांगा."

"येतो," हंबीरराव म्हणाले. त्याच आवाजात, ज्यात ते दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर म्हणायचे.

पंचवीस तारखेला रविवार होता. दिव्यश्री आली. येताना भाजी घेऊन आली, स्वयंपाक केला, बाबांचे शर्ट इस्त्रीला टाकले, आणि तिकडं माझ्याकडं राहायला चला हे तिचं नेहमीचं पालुपदही म्हणून झालं. मग ओलं फडकं घेऊन ती फ्रिजपाशी गेली.

"हात लावू नको," हंबीरराव ओरडले. गेल्या दोन-अडीच महिन्यांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. दिव्यश्री जागच्या जागी थांबली.

"तुझ्या आईनं हात लावला नव्हता," ते खाली बघत म्हणाले. मग नंदकिशोरांचं बोलणं, शिवलीलेचा फोन, सगळं त्यांनी तिला सांगितलं. उद्या जाऊन पोरींना नाही म्हणून सांगायचंय, म्हणाले.

दिव्यश्रीनं फडकं बाजूला ठेवलं आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. ती आईच्या वळणाची, आवाज चढवायची नाही. "बाबा, आईनं हात का नव्हता लावला? तुमची सहामाही चालू होती म्हणून. ती उद्या झेंडावंदनाला संपते. उद्यापासून तो आईचा आहे. तुम्ही आईचं ठेवून घेताय."

समजूत घातली असती, रडून दाखवलं असतं, तर ते हंबीररावांपर्यंत पोचलं नसतं. पण ही नियमाची गोष्ट होती आणि नियम त्यांना कळायचा. त्यांनी चाळीस वर्षं दुसरं केलं काय?

"घरात चिंच आहे काय?" त्यांनी विचारलं.

बापलेकीनं मोरीत बसून करंडक घासला. खरं म्हणजे घासला हंबीररावांनीच, लेक फक्त पाणी ओतत होती. मळ निघाला, काळं पाणी वाहून गेलं, खालून सुभेदारांच्या काळची अक्षरं वर आली. दिव्यश्री त्यांच्या तोंडाकडं बघत होती, आता काही होईल म्हणून. काही झालं नाही. त्यांनी करंडक पुसला, उलटा करून ठेवला, हात धुतले आणि चुरमुरे-फुटाणे आणायला खाली गेले. नंदकिशोरांना फोन करून सांगितलं, की उद्या देऊन येतो. कारण सांगितलं नाही.

सकाळी देवनहळ्ळीच्या बसला गर्दी नव्हती. करंडक मांडीवर, चुरमुऱ्यांची पिशवी पायाशी. उड्डाणपूल गेले, विमानतळाकडं वळणाऱ्या टॅक्सींची रांग गेली, द्राक्षमळ्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या लेआउटच्या कमानी गेल्या. गंगव्वानं ही वाट रोज पाहिली होती. हंबीररावांनी ती मन लावून बघायचा प्रयत्न केला. हे तिनं बघितलं, हे तिनं बघितलं, असं स्वतःला सांगून पाहिलं. रस्ता रस्त्यासारखा दिसत राहिला.

शाळेच्या मैदानावर झेंडा फडकला, मुख्याध्यापिकाबाई बोलल्या, लहान वर्गांनी कवायत केली. मग शिवलीलेनं हंबीररावांना पुढं बोलावलं. पांढऱ्या चादरीनं झाकलेलं एक टेबल मांडलं होतं. त्याच्यावर त्यांनी करंडक ठेवला, पिशवी फोडून चुरमुरे शिगेला भरले आणि म्हणाले, "आमची सहामाही झाली."

ह्यापुढचं वाक्य कुणी म्हणायचं होतं ते तिथं सगळ्यांना माहीत होतं. शिवलीलेनं पदर सारखा केला. "आमची सुरू झाली," ती म्हणाली.

कॅप्टन पुढं आली. तिच्याबरोबर गोलकीपरही आली. हंबीररावांना नवल वाटलं, करंडक घ्यायला नेहमी कॅप्टन एकटीच येते. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. पाय फाकवले, गुडघे वाकवले, पाठ ताठ केली, करंडकाचे दोन कान दोघींनी धरले, आणि कॅप्टननं हळूच मोजलं, एक, दोन, तीन. दोघींनी जीव खाऊन उचलला.

करंडक वर उडाला. चुरमुरे त्यांच्या डोक्यावर, मुख्याध्यापिकाबाईंच्या साडीवर, सगळीकडं. अख्खी शाळा हसली. त्या दोघी करंडक डोक्याच्या वर धरून तशाच बावचळून उभ्या.

"सर," कॅप्टन म्हणाली, "हा तर हलका आहे."

"हलकाच आहे," हंबीरराव म्हणाले. "पत्र्याचा आहे."

"पण मिस म्हणायच्या लई जड आहे. एकटीनं उचललात तर कंबर धरेल, म्हणायच्या. रोज सुट्टी झाली की आम्हा दोघींना पाण्याचा भरलेला कॅन उचलून मैदानाला फेरी मारायला लावायच्या, सव्वीस जानेवारीची तयारी म्हणून." पोरीनं केसातला चुरमुरा काढला. "आम्ही विचारलं, मिस, तुम्हाला कसं माहीत, तुम्ही तर हात लावत नाही. तर म्हणाल्या, सरांनी सांगितलंय."

हंबीररावांना आठवलं. पंधरा ऑगस्टची संध्याकाळ, लिफ्ट बंद, तीन मजले चढून धाप लागलेली. दार उघडून गंगव्वानं विचारलं होतं, जड आहे काय हो? आणि ते धापा टाकत म्हणाले होते, तुझ्याच्यानं उचलायचा नाही. चेष्टा. चहा पिऊन होईपर्यंत ते विसरूनही गेले होते. ती विसरली नव्हती. ती त्या करंडकाभोवती रोज फडकं फिरवत होती, एक बोट लावलं असतं तरी तिला कळलं असतं, आणि तिनं ते लावलं नाही. तिनं पोरींकडून पाण्याचे कॅन उचलून घेतले.

"मी चेष्टा केली होती," ते म्हणाले. कुणाला काही समजलं नाही. "मी चेष्टा केली होती, आणि तिला ते खरं वाटलं."

आणि मग हंबीरराव तिथंच, झेंड्याच्या चबुतऱ्याच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. मोठ्यानं, तोंड न झाकता, सगळ्या शाळेदेखत. दुखत होतं. सगळीकडून एकदम दुखत होतं. पोरींचं हसणं बंद झालं. शिवलीलेला काय करावं सुचेना. ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि पोरींना म्हणाली, जा, करंडक घेऊन मैदानाला फेरी मारा.

"मी एकटी नेऊ?" कॅप्टननं विचारलं. "हलका आहे."

हंबीररावांनी नकाराची मान हलवली.

"मिसनी शिकवलंय तसाच न्या," ते म्हणाले.

दोघींनी करंडक परत टेबलावर ठेवला. पाय फाकवले, गुडघे वाकवले, दोन्ही बाजूंनी कान धरले, एक, दोन, तीन मोजलं, आणि तो जड असल्यासारखा उचलून त्या फेरीला निघाल्या.